सावनेरच्या धुऱ्यावर उंदरांचे पिंजरे: स्क्रब टायफसच्या पाहणीची फेरी

"उंदरं पकडाले आले का जी?" गाडीतून पिंजऱ्यांचं पोतं उतरवताच संत्र्याच्या बागेतून प्रश्न आला. पाठोपाठ सल्लाही, "मारूनच टाका नं सारे!"

सल्ला देणाऱ्या काकांची चूक नाही. स्क्रब टायफस म्हटलं की उंदराचंच चित्र समोर येतं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात या तापाने माणसं दगावली, तेव्हापासून गावागावांत हे नाव ठाऊक आहे. पण उंदीर या रोगाचा मूळ धनी नव्हेच. ओरिएंशिया त्सुत्सुगामुशी हा जीवाणू मातीतल्या बारीक माइटमध्ये (कोळ्याच्या कुळातला सूक्ष्म जीव) राहतो आणि मादीकडून अंड्यांवाटे पुढच्या पिढीत जातो. माइटचं फक्त पिल्लू, म्हणजे चिगर, आयुष्यात एकदा अंगावर चढून पेशीरस पितं. ते बहुधा उंदरावर चढतं. मधे निंदणाला बसलेली बाई आली, तर तिच्यावर. म्हणून उंदीर संपवले तरी चिगर गवतात राहतीलच.

उंदीर पकडायचे ते संपवायला नव्हे, त्यांच्यावरचे चिगर तपासायला. आम्ही गेलो ते पोळा उलटल्यावर, पाऊस ओसरताना. हंगाम हाच. पिंजरे दिवस मावळताना लावायचे: धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, गवतात, बिळांच्या तोंडाशी, गोठ्याच्या भिंतीलगत. आमिषाला भजी आणि खोबरं उत्तम, पण भज्यांना मुंग्या फार लागतात. चिचुंद्री हवी असेल तर सुका बोंबील ठेवा. ती कीटक खाणारी, तिला सतत खायला लागतं, रात्रभर उपाशी राहिली तर पिंजऱ्यातच मरते. त्यामुळे फटफटताच फेरी मारा, चहा नंतर.

उंदीर सापडलेला पिंजरा उघडा आणू नका. जागेवरच पांढऱ्या कापडी पिशवीत घालून तोंड बांधा, नाहीतर चिगर वाटेतच गळून पडतात. पुढचं काम ओट्यावर, पांढऱ्या ट्रेमध्ये. घुशीला भूल दिल्यावर तिचा कान उलटून पाहिला, तर पाळीच्या आतल्या घडीत शेंदरी ठिपक्यांचा थर दिसला, तिखटाची चिमूट चिकटल्यासारखा. भिंगाखाली त्याच ठिपक्यांना पाय फुटले, प्रत्येकी सहा. ओल्या बारीक ब्रशने एकेक उचलून अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा. इथे घाई केली की सोंड तुटते आणि ओळख पटवणं अवघड होतं. एका उंदरामागे सरासरी ०.६९ पेक्षा जास्त चिगर निघाले तर तो भाग धोक्याचा धरतात. रक्त आणि प्लीहेचा तुकडा पीसीआरला, म्हणजे जीवाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला, जातो. जीवाणू अंगात असूनही उंदीर बहुधा ठणठणीत दिसतो, तेव्हा डोळ्यांनी अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

कागदपत्रं आधी करा: संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी, ग्रामपंचायतीला पत्र आणि ज्याचं वावर त्याची तोंडी का होईना परवानगी. खार अडकली तर तिथेच सोडून द्या.

हातमोजे सगळेच घालतात, उंदराचे दात दिसतात ना! हातमोजे जरूर घाला. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होऊ शकतो. पण स्क्रबची लागण थेट उंदराकडून होत नाही. ती होते पिंजरा लावायला गवतात गुडघे टेकता तेव्हा. पूर्ण बाह्या, पँट पायमोज्यांत खोचलेली, वर गमबूट, आणि घोटे, कंबर, मनगटांवर डीट किंवा डीएमपी, ही चिगरना दूर ठेवणारी औषधं. कपड्यांना आधीच परमेथ्रिन हे कीटकनाशक लावून वाळवा; ते कातडीवर लावायचं नसतं. डबा खायला धुऱ्यावर बसायचा मोह होतो. खाट मागा, लोक आनंदाने देतात. ओले शर्ट झुडपांवर वाळत टाकू नका. मुक्कामी आल्याबरोबर साबणाने अंग घासून आंघोळ, आणि कपडे गरम पाण्यात.

चिगरचा चावा दुखत नाही, त्यामुळे "मला काही चावलं नाही" याला किंमत शून्य. परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला, तर काख, जांघ, कमरपट्ट्याखालची जागा घरच्यांकडून तपासून घ्या. विडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसली तर निदान जवळपास झालंच. ती नसली म्हणून रोग नाही असंही नाही. अनेकांना ती उमटतच नाही. डॉक्टरांना "डेंग्यू असेल" म्हणू द्या, पण उंदरांच्या पाहणीला गवतात होतो, हे आधी सांगा. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन वेळेवर सुरू झालं तर ताप साधारण दोन दिवसांत उतरतो. उशिरा गेलात तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदूपर्यंत प्रकरण जातं.