गोधडीवर कडेने पडलेला प्रकाश

डिसेंबरात परभणीला आत्याकडे जायचे म्हणजे मराठवाड्यातील सर्वांत बोचऱ्या थंडीत जायचे. काही वर्षी तेथील पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, आणि बहुधा म्हणूनच तिच्या घरातली गोधड्यांची चळत अजून उंच आहे. यंदा आत्या, वहिनी आणि कॉलेजात शिकणारी भाची अशा आम्ही सगळ्या सकाळच्या रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला गेलो आणि समकालीन गोधड्यांचे एक प्रदर्शन पाहून आलो. भिंतीवर टांगलेल्या गोधड्या पाहायच्या आहेत असे सांगताच, "भिंतीला थंडी वाजायली का?" एवढे विचारून आत्या तयार झाली.

आत्याची शिवण्याची रीत जुनी आहे. मऊ झालेली सुती लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरायची, कडा आत दुमडायच्या आणि काठापासून धावदोरा सुरू करून चौकोनी फेरे घेत मध्याकडे यायचे. प्रत्येक फेऱ्याला कापडाची सुरकुती आत ढकलली जाते, त्यामुळे शेवटच्या वीतभर जागेत शिवणारीच्या हाताची परीक्षा असते. अमेरिकेतील हातशिलाईच्या क्विल्टमध्ये याच्या नेमके उलट घडते: जोडकामाचा वरचा थर, मध्ये कापसाचा पातळ थर आणि खाली अस्तर ठेवून टाके मध्यापासून बाहेर नेतात, म्हणजे सुरकुती काठाकडे निघून जाते. गंमत अशी की परभणीसारख्या कापसाच्या मुलखात आमच्या गोधडीत मात्र कापूस भरत नाहीत. तो पिंजाऱ्याकडून गादी-उशीत भरून घ्यायचा. दोन्हीकडे टाक्याचे काम एकच, थर सरकू न देणे. पण दोरा ओढला की कापड त्या रेषेवर दबते आणि दोन रेषांमधला भाग किंचित वर येतो. माझ्या मते गोधडीचे रूप रंगांइतकेच, किंबहुना रंगांहून अधिक, या उंचसखलपणात असते.

प्रदर्शनात नेमके तेच हरवले होते. छतावरचे दिवे प्रत्येक गोधडीवर समोरून रोखलेले असल्यामुळे रंग झळकत होते आणि टाके दिसेनासे झाले होते. ही सवय तशी जुनी आहे. 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या अमेरिकन क्विल्ट भिंतीवर अमूर्त चित्रांसारख्या मांडल्या गेल्या, आणि निवड करताना शिवणकामापेक्षा दुरून होणाऱ्या दृश्य परिणामाला महत्त्व दिले गेले. त्या मांडणीमुळे क्विल्टला कलादालनाचे दार उघडले हे खरे, आणि 2002 साली अलाबामातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या क्विल्ट त्याच संग्रहालयात लागल्या, तेव्हा ते दार आणखी रुंद झाले. तरीही गोधडीला केवळ चित्र म्हणून पाहण्याची खोड मागे राहिली, ती राहिलीच.

खिडकीजवळच्या एकाच गोधडीवर कडेने ऊन येत होते. काळ्या आणि मातकट सुती तुकड्यांची ती गोधडी शेजारच्या रंगीत कामांपुढे कुणाच्या नजरेत भरली नसती, पण तिरप्या उन्हात तिच्यावरचे टाके नांगरटीच्या तासांसारखे उठून दिसत होते. एका ठिकाणी त्या रेषा अचानक वळून विरळ होत होत्या. आत्या तिथे बराच वेळ उभी राहिली. मग स्वयंसेवक मुलीला म्हणाली, "माय, मागून दाखव की जरा. समोरून तर समद्याच नटत्यात." मुलीने हातमोजे घालून कोपरा उचलला. मागे टाका समोरच्याइतकाच सारखा होता. वरच्या काठाला दांडा घालण्यासाठी कापडाची नळी शिवलेली होती, म्हणजे गोधडीचे वजन दोन-चार खिळ्यांवर न येता सगळ्या काठावर विभागले जाते. ती नळी फक्त पाठीच्या थराला धरून शिवली आहे, हे वहिनीने हेरले, आणि इतकी जड गोधडी वर्षभरात खाली ओढली जाईल की नाही यावर सासू-सुनेचा तिथेच वाद झाला. आत्याचे म्हणणे असे की टाके दाट असले तर सगळे थर मिळून वजन पेलतात. मला ते पटले.

समोरच्या दिव्यांवर उपाय भाचीने काढला. परवानगी घेऊन तिने मोबाइलचा टॉर्च भिंतीला समांतर धरला आणि आम्ही पुन्हा पहिल्या गोधडीपासून सुरुवात केली. खताच्या पोत्यांच्या आतले प्लास्टिक आणि सिंथेटिक साड्या जोडून केलेल्या एका कामाला मी आधी नाक मुरडले होते. आता त्यावर बुळबुळीत कापड ताब्यात ठेवण्यासाठी घातलेले आखूड, हट्टी टाके दिसले. उलट मला सर्वाधिक आवडलेले गुलाबी-जांभळे काम तिरप्या प्रकाशात सपाटच राहिले, कारण तो छापील कापडाचा एकच थर होता आणि मशीनची शिलाई फक्त आकृत्यांच्या कडेने फिरवलेली होती. आत्याने त्याला सरळ पडदा म्हटले. तो निकाल मला थोडा कठोर वाटतो, कारण रंगसंगती खरोखर विचारपूर्वक केलेली होती; पण गोधडी म्हणून त्याची किंमत लावली होती, तेवढ्यापुरते आत्याचे म्हणणे मी खोडून काढू शकले नाही.