मजुरीच्या वहीतलं मृत्युपत्र

सोलापूरच्या कोर्टात इतकी वर्षं प्रॅक्टिस करतेय, मृत्युपत्रं ढिगानं बघितली, पण अशोक चौकाच्या पलीकडं त्या घरात बघितलं तसं परत नाही. एप्रिलची दुपार, पंखा गरम हवाच फेकतोय, खालच्या कारखान्यातले टॉवेलचे माग बंद, त्यामुळं घर एकदम सुनं. वडील जाऊन महिना झालेला. दोन मुलं, लग्न झालेली एक मुलगी, आणि भिंतीला टेकून अम्मा, जिचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं, लिहिता वाचता येत नाही.

थोरल्याला प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) पाहिजे होतं. का, तर मुंबईच्या पाहुण्यानं सांगितलं. म्हटलं अहो, ती सक्ती मुंबई, चेन्नई, कोलकात्याची होती (2025 मध्ये तीही गेली), सोलापुरातल्या घराला अन् कारखान्याला ती कधी नव्हतीच, आधी मृत्युपत्र तर दाखवा. त्यानं मजुरीची जुनी वही पुढं केली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सगळं तेलुगूत! मला तेलुगू बोललेलं थोडंफार कळतं (सोलापुरात राहून कोण सुटलंय) पण वाचायला शून्य. मुलं मराठी मीडियमची, त्यांचंही तेच, आणि बाहेरच्याला दाखवायला नको म्हणून महिनाभर वही कपाटात. तेलुगू शाळेत शिकलेली एकटी मुलगी, अक्का.

म्हणून तीच वाचायला बसली. ओळीखाली बोट धरून आधी तेलुगूत, मग माझ्यासाठी मराठीत. कारखाना दोघा भावांना निम्मा निम्मा, घरात अम्मा असेपर्यंत राहील, नंतर तेही भावांचं. मग बोट थांबलं. पाणी प्यायली. "मुलीला लग्नात द्यायचं ते दिलंय, आता तिला काही नाही, असं लिहिलंय मॅडम." ती ओळ गाळली असती किंवा उलटी सांगितली असती तरी त्या खोलीत पकडणारं कुणी नव्हतं.

मी वही घेतली ते सह्या बघायला. भाषा कुठलीही चालते, साधा कागद चालतो, रजिस्टर नसलं तरी चालतं, पण 1925 च्या वारसा कायद्याच्या कलम 63 ला दोन साक्षीदार लागतातच. इथं वडलांची सही, खाली 1 आकड्यापुढं शेजाऱ्याची सही, 2 आकड्यापुढं कोरी जागा. धाकटा म्हणे दुसरे काका गावाला गेलेले, राहून गेलं, आता घेऊ की त्यांची सही. काय बोलावं! दोघांनी एकाच वेळी बसायला पाहिजे असं नाही, पण साक्षीदारानं सही होताना बघितलेली असावी नाहीतर लिहिणाऱ्यानं स्वतः त्याला सांगितलेलं असावं, की ही सही माझी. ते सांगायला वडील कुठून आणणार? वर हा गुन्हा होईल, तेही सुनावलं.

म्हणजे मृत्युपत्र नसल्यातच जमा. सगळं वडलांनी स्वतः कमवलेलं, त्यामुळं 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं अम्मा आणि तिन्ही पोरं, चौघांना सारखा चौथा हिस्सा. थोरला म्हणाला पण एफडीला नॉमिनी मी आहे. नॉमिनी झालं म्हणजे मालक झालं असं नसतं हो, पैसे ताब्यात घ्यायचे आणि वारसांना द्यायचे, सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये बँक ठेवींबद्दल हेच सांगितलंय. हे मी आठवड्यातून चारदा सांगते आणि प्रत्येक वेळी समोरचा असा बघतो जणू मीच नियम केलाय.

अम्मानं तेलुगूत लेकीला काहीतरी विचारलं, तिनं उत्तर दिलं, अम्मा उठून चहा ठेवायला गेली. थोरला जरा गप्प, मग मलाच म्हणतो, मॅडम, अक्काचं हक्कसोडपत्र करायला किती खर्च येतो? मी अक्काकडं बघितलं. वही मिटून तिनं त्याच्या हातात दिली.

"अन्ना, आधी उताऱ्यावर माझं नाव लागू दे. सोडायचं का नाही ते मग बघू."