भांगेचा रेशा: डिंक सुटला, आता नर-मादीचा घोळ

मागील नोंदीत भांगेच्या सालीतील ज्या डिंकाने, म्हणजे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाने, माझे सूत कातणे अडवून धरले होते, तो अखेर सुटला आहे. उत्तराखंडातील कुमाऊँमधून आलेल्या सालीच्या पट्ट्या धुण्याच्या सोड्यात उकळूनही ताठच राहत होत्या. चातीवर (सूत कातण्याच्या फिरत्या काडीवर) घेतल्या की पीळ एका जागी साचे आणि लगेच पुढे धागा तुटे. या वेळी लाकडाची राख पाण्यात कालवून रात्रभर निवळू दिली, वरच्या स्वच्छ पाण्यात पट्ट्या मंद आचेवर पुन्हा उकळल्या आणि ओल्या असतानाच लाकडी मोगरीने कुटल्या. पट्टीचे टोक नखाने चिरले, तेव्हा ती शेंड्यापर्यंत न तुटता उलगडत गेली. तो क्षण फार सुखाचा होता.

मात्र निम्म्याच पट्ट्या अशा सुटल्या. उरलेल्यांना काडीचे कूस चिकटलेले होते आणि त्यांचे तंतू जाड, राठ निघाले. माझ्या मते याचे कारण जुडीतच आहे: तिच्यात नर आणि मादी झाडांची साल मिसळलेली असावी. भांगेची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नर झाडे फुलोऱ्यानंतर लवकर कापली, तर तलम रेशा मिळतो, आणि बियांसाठी उभ्या ठेवलेल्या मादी झाडांची साल तोवर राठ होते. उत्तराखंडाच्या डोंगरांत एकाच गावठी वाणातून चटणीचे बी आणि दोर, पोती व भंगेला कापड यांचा रेशा घेण्याची परंपरा आहे, त्यामुळे कापणीची ही वेळ तिथे जाणतेपणाने सांभाळली जाते. विक्रेत्याने मात्र पुड्यावर केवळ ‘हिमालयीन हेम्प’ असे छापले आहे. गाव नाही, कापणीचा महिना नाही. अशा मालाला इतकी किंमत मोजणे मला पटत नाही.

कातताना पेटी चरखा बाजूला ठेवला, कारण कापसाच्या आखूड तंतूसाठी योग्य असलेली त्याची वेगवान चाती लांब रेशा सरकण्याआधीच त्याला पीळ देते. जड तकली (हाताने फिरवायची चाती), ओली बोटे आणि झेड पीळ (इंग्रजी Z च्या मधल्या रेषेसारखा तिरका) एवढ्यावर काम जमले. सुकताना जवसाचा तंतू एस पिळाकडे, म्हणजे उलट दिशेला कलतो, भांगेचा झेडकडे. त्यामुळे धागा वाळल्यावरही उसवला नाही.

या धाग्याची पिशवी विणायचे ठरवले होते, पण हे लिहिता लिहिताच बेत बदलत आहे. कोरियातील आंदोंग येथे भांगेच्या कापडासाठी तंतू बारीक चिरून टोकाला टोक जोडत नेतात. आपल्या सुटलेल्या पट्ट्या त्यासाठी पुरेशा लांब आहेत, म्हणून आधी तो जोड करून पाहीन.

एक काळजी वाटते. उत्तराखंडाने 2018 पासून परवान्याने लागवड खुली केली, परंतु टीएचसीची (भांगेतील नशा आणणाऱ्या घटकाची) मर्यादा 0.3 टक्के आहे, आणि ती पाळण्यासाठी बाहेरचे बी आणले गेले, तर डोंगरातील जुनी वाणे मागे पडतील. त्यामुळे फुलोऱ्यानंतर लवकर कापलेल्या, परवानाधारक शेतातील स्थानिक नर झाडांची साल कोणाकडे मिळत असेल, तर गाव आणि कापणीचा महिना यांसह अवश्य कळवावे. पुढची जुडी मी तीच घेईन.