भाजीपाल्याच्या कव्हरातलं पुस्तक

सिडनीच्या पश्चिमेकडच्या एका काउन्सिलच्या लायब्ररीत मी काम करते, सात वर्षं झाली आता. त्याआधी नाशिकला कॉलेजच्या लायब्ररीत होते. जुनी पुस्तकं घेऊन येणारी माणसं दोन्हीकडे सारखीच असतात, पिशवी काउंटरवर ठेवतात पण हात पिशवीवरून काढत नाहीत.

मागच्या जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, मंगळवारी सकाळी दार उघडल्या उघडल्या एक आजी आल्या. ऐंशीच्या आसपास वय, मागे ती भाजी आणायची चाकाची ट्रॉली, आणि ट्रॉलीत भाजीऐवजी पुस्तकं. आईवडिलांचं घर विकायचं होतं, पंधरा दिवसांत रिकामं करून द्यायचं होतं, फर्निचर कुणी कुणी नेलं पण पुस्तकं कुणालाच नको होती. मला म्हणाल्या, "लव्ह, बघ यातलं काही चालतंय का." इथल्या म्हाताऱ्या बायका सगळ्यांनाच लव्ह म्हणतात, पण मला ते अजूनही आपल्या 'बाळा'सारखं लागतं.

आता आमचा नियम असा आहे की डोनेशन घ्यायचं तर पुस्तक गेल्या पाच वर्षांतलं पाहिजे, डाग नको, वास नको. बाकीच्यांना नम्रपणे नाही म्हणायचं. नियमामागचं कारण मला कळतं, जागा कमी आहे आणि जे पुस्तक इश्यूच होत नाही ते आम्ही दरवर्षी शेल्फवरून काढतोच. पण ट्रॉलीतली पुस्तकं बघितली तर सगळीच सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची, पानं चहाच्या रंगाची झालेली. नाही म्हणायचंच होतं, पण निदान एकेक हातात घेऊन बघते म्हणाले, तेवढा मान तर द्यायलाच पाहिजे ना.

तिसरं का चौथं पुस्तक भाजीपाल्याच्या बागेवरचं होतं, कव्हरवर कोबी आणि गाजरं. आजी म्हणाल्या, "हे बाबांचं. आयुष्यभर त्यांच्या खाटेशेजारी असायचं, बागकाम त्यांना फार प्रिय." मी बाइंडिंग बघायला पुस्तक उघडलं तर आत कोबी नाही न गाजर नाही. पहिल्या पानावर छापलंय 'वी वेअर द रॅट्स', लेखक लॉसन ग्लासॉप, अँगस अँड रॉबर्टसन, सिडनी. कव्हर फक्त दुसऱ्या पुस्तकाचं, आणि कडा इतक्या नीट दुमडून बसवलेल्या की बाहेरून अजिबात कळत नव्हतं.

मी पुस्तक तसंच त्यांच्याकडे वळवलं. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

मला या पुस्तकाबद्दल माहिती होतं कारण इथे आल्यावर मी ऑस्ट्रेलियन पुस्तकं ठरवून वाचायला घेतली होती, म्हणलं ज्या गावात पुस्तकं द्यायची त्या गावचं साहित्य माहीत नको का. तर ही कादंबरी १९४४ ची, युद्ध चालू असतानाच आलेली. विषय टोब्रुक. लिबियातलं बंदर, १९४१ च्या एप्रिलपासून जर्मन आणि इटालियन फौजांनी वेढलेलं, आत सुमारे चौदा हजार ऑस्ट्रेलियन सैनिक, शिवाय ब्रिटिश आणि आपल्याकडची अठरावी कॅव्हलरी सुद्धा. जर्मन रेडिओनं त्यांना बिळात अडकलेले उंदीर म्हणून हिणवलं आणि त्यांनी ते नाव अभिमानानं स्वतःला लावून घेतलं. ग्लासॉप स्वतः पत्रकार, त्यानं सैनिकांची भाषा जशी असते तशी लिहिली, शिव्यांसकट. लोकांनी पुस्तक भराभरा विकत घेतलं, कारण ज्यांची पोरं तिकडे होती त्यांना कळायला हवं होतं की तिथे रोज काय चाललं होतं, आणि पेपरात ते येत नव्हतं.

आणि मग १९४६ साली, पोरं घरी आल्यावर, सिडनीच्या कोर्टात त्याच पुस्तकावर अश्लीलतेचा खटला. प्रकाशकाला १० पौंड दंड झाला, अपील फेटाळलं गेलं आणि पुस्तक दुकानांतून गेलं. मुख्य आक्षेप एका प्रकरणावर होता, ज्यात सैनिक बसून चावट मजकूर वाचतायत. नंतर ते परत आलं १९६१ मध्ये, तेही काटछाट करून. मला याचा मनापासून राग येतो. ज्या माणसांना मरायला पाठवलं त्यांनी खंदकात बसून काय वाचलं हे छापायला बंदी, आणि ती सुद्धा युद्ध जिंकून झाल्यावर.

हे सगळं मी आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या बाबा टोब्रुकला होते. ऑस्ट्रेलियन फौजेची नाइन्थ डिव्हिजन. पण घरात कुणी विषय काढला की ते उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जायचे, म्हणून मग कुणी काढेनासंच झालं.

तेव्हा आम्ही पानं उलटायला लागलो. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. बारीक, टोक करून ठेवलेल्या पेन्सिलीच्या. कुठे नुसती बरोबरची खूण, कुठे 'हो', कुठे 'नाही', एका ठिकाणी 'पाणी याहून खारट'. एका ठिकाणी वाक्याखाली रेघ आणि शेजारी 'तिसऱ्या रात्री, दुसऱ्या नाही'. म्हणजे माणूस कादंबरी वाचत नव्हता, साक्ष तपासत होता. मी इतकी वर्षं लायब्ररीत आहे, समासातल्या खुणा हजारो बघितल्यात, परीक्षेच्या, प्रेमाच्या, चिडलेल्या वाचकांच्या, पण एखाद्या माणसानं जे तोंडानं एकदाही सांगितलं नाही ते असं दुसऱ्याच्या पुस्तकाच्या कडेकडेनं सांगून ठेवलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

ज्या प्रकरणापायी खटला झाला ते मी मुद्दाम शोधलं. तिथे एकही खूण नव्हती. पानं कोरी, बहुतेक एकदाच वाचून पुढे गेलेला माणूस. आणि त्याच्या पुढे-मागे जिथे जिथे सोबती मरतात तिथे पेन्सिल थांबलेली. एका मरणाच्या परिच्छेदाशेजारी फक्त एक नाव लिहिलं होतं, कादंबरीतल्या पात्राचं नाही, वेगळंच. ते नाव मी इथे लिहिणार नाही. आजींनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे माझ्या भावाचं नाव आहे." मोठा भाऊ, युद्धानंतर जन्मलेला. त्या सांगत होत्या, आमच्या घराण्यात हे नाव कुणाचंच नव्हतं, आम्ही आईला विचारायचो तर ती म्हणायची तुझ्या बाबांना आवडलं म्हणून. भाऊ वारला सहा वर्षांपूर्वी, त्याला कळलंच नाही तो कुणाच्या नावाचा होता ते.

मी त्यांना आतल्या खोलीत नेऊन बसवलं, चहा करून दिला. कलीग काउंटरवर थांबली, बिचारीनं काही विचारलं नाही.

चहा घेता घेता मी त्यांना केनेथ स्लेसरच्या कवितेबद्दल सांगितलं कारण मला दुसरं काही सुचेना. स्लेसर सरकारनं नेमलेला युद्धवार्ताहर, १९४० ते १९४४, या फौजांबरोबरच फिरला. त्याची 'बीच बरिअल' नावाची कविता इजिप्तमधल्या अल अलामीनच्या किनाऱ्यावरची आहे, नाइन्थ डिव्हिजन १९४२ ला तिथेही लढली. समुद्रातून रात्री प्रेतं वाहून येतात, कुणीतरी वेळ काढून त्यांना वाळूत पुरतं आणि लाकडाच्या खुंटीवर पेन्सिलीनं लिहितं, अनोळखी खलाशी. आणि दमट हवेनं ती पेन्सिलीची अक्षरंही विरघळून जातात. आजी म्हणाल्या, "यांची नाही गेली," आणि पुस्तकावर हात ठेवला.

मग ट्रॉलीतली आईची पुस्तकं. आई युद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात होती. तिची दोन पुस्तकं बघून मला खरंच भरून आलं, कारण दोन्ही मार्जोरी बर्नार्डची, आणि मार्जोरी बर्नार्ड लायब्रेरियन होती. सिडनी विद्यापीठात इतिहासात पहिला वर्ग, ऑक्सफर्डची स्कॉलरशिप मिळालेली, वडिलांनी जाऊ दिलं नाही. मग तिनं लायब्ररीचं ट्रेनिंग घेतलं आणि नोकरी केली, युद्धाच्या काळातसुद्धा. दिवसा कॅटलॉग आणि रात्री कादंबरी. माझ्या टेबलावर जी कामं असतात तीच तिच्याही टेबलावर असणार, हे मला कधीही आठवलं तरी बळ येतं.

पहिलं पुस्तक 'द पर्सिमन ट्री', १९४३ चा कथासंग्रह. त्या नावाची कथा मी अनेकदा वाचलीये. आजारातून उठलेली एक बाई खिडकीतून समोरच्या घरातल्या बाईला बघते, ती बाई खिडकीच्या कठड्यावर पर्सिमन पिकायला ठेवते, ते केशरी, टोमॅटोसारखं दिसणारं फळ. बास, एवढंच घडतं. युद्धाचं नाव नाही. ज्या वर्षी लोकांना कूपनावर कपडे मिळत होते त्या वर्षी कुणीतरी ही कथा छापली आणि एका कारखान्यातल्या मुलीनं ती विकत घेतली. तेव्हा कागद रेशनवर, पण ब्रिटनहून पुस्तकांची जहाजं येणंही अवघड झालेलं, त्यामुळे एरवी लंडनचीच पुस्तकं वाचणाऱ्या लोकांना इथले लेखक हातात मिळाले. कागद वाईट, बाइंडिंग वाईट, पण वाचक होते.

दुसरं पुस्तक 'टुमॉरो अँड टुमॉरो'. हे तिनं मैत्रीण फ्लोरा एल्डरशॉबरोबर लिहिलं, दोघी मिळून एम. बर्नार्ड एल्डरशॉ या एका नावानं लिहायच्या. युद्ध चालू असतानाच लिहिलेली कादंबरी, पण चारशे वर्षांनंतरचा एक लेखक मागे वळून सिडनीबद्दल लिहितोय अशी कल्पना. त्याच्या गोष्टीतला हॅरी मन्स्टर पहिल्या युद्धातून परत आलेला साधा माणूस, कोंबड्या पाळून पोट भरत नाही म्हणून शहरात येतो, मग मंदी, मग पुन्हा युद्ध, आणि शेवटी लोक स्वतःच आपलं शहर जाळून टाकतात. बर्नार्ड युद्धविरोधी होती, उघडपणे. १९४४ ला हस्तलिखित सेन्सॉरकडे गेलं आणि त्यातले भाग कापले गेले. युद्ध संपलं १९४५ ला, पुस्तक आलं १९४७ ला, तरी कापलेलं ते कापलेलंच राहिलं. वर प्रकाशकानं नावातला तिसरा 'टुमॉरो' पण काढून टाकला. पूर्ण पुस्तक, तिन्ही टुमॉरोंसकट, निघालं थेट १९८३ मध्ये, लंडनहून. तोवर एल्डरशॉला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. बर्नार्ड तेवढी ते बघायला होती.

म्हणजे आजींच्या माहेरी बाबांच्या उशाशी कोर्टानं घालवलेलं पुस्तक आणि आईच्या कपाटात सेन्सॉरनं कापलेलं पुस्तक, एकाच घरात, आणि दोघांनी एकमेकांना दाखवली होती की नाही कुणास ठाऊक. आजींना काही माहिती नव्हती.

आईच्या त्या पुस्तकातून एक कात्रण निघालं, वीकलीचं, पिवळं पडलेलं. मेरी गिल्मोरची कविता, 'नो फो शॅल गॅदर आवर हार्व्हेस्ट'. १९४० च्या जूनच्या शेवटी 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली'त आलेली, फ्रान्स पडल्यानंतर लगेच. गिल्मोर तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. आमचं पीक शत्रू कापून नेणार नाही, आमच्या कुंपणावर येऊन बसणार नाही असा त्या कवितेचा सूर. मी पर्समधून दहा डॉलरची नोट काढली आणि लोकल स्टडीजचं, म्हणजे आमच्या स्थानिक इतिहासाच्या विभागाचं, भिंग आणलं. नोटेवर गिल्मोरचा चेहरा आहे आणि त्याच कवितेच्या ओळी इतक्या बारीक छापल्यात की नुसत्या डोळ्यांना रेघच वाटते. आजींनी भिंगातून वाचलं आणि म्हणाल्या, "आयुष्यभर खिशात घेऊन फिरले की गं मी." आणि आईनं ती लढणारी कविता ठेवली होती कुठे, तर युद्ध नको म्हणणाऱ्या बाईच्या पुस्तकात. मला ते मुळीच विसंगत वाटलं नाही. नवरा त्या आघाडीवर होता, तिला दोन्ही लागत असणार.

आता कामाचं. मी सिनिअरकडे जाऊन विचारलं, की ही तीन पुस्तकं आपण लोकल स्टडीजला घेऊ या, या भागातल्या कुटुंबाची आहेत. उत्तर मिळालं की कॅटलॉगमध्ये नवीन प्रती ठेवायला बजेट नाही आणि खुणा केलेली प्रत तर नियमात बसतच नाही. मी वाद घातला, थोडा जास्तच घातला. खुणा आहेत म्हणूनच ती प्रत मोलाची आहे हे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. शेवटी आईची दोन पुस्तकं कात्रणासकट घ्यायला होकार मिळाला, डिस्प्लेसाठी. बाबांच्या पुस्तकाला नाही.

हे सांगायला खोलीत परत आले तर आजींनी कोट घातला होता आणि ते पुस्तक हातातल्या पर्समध्ये ठेवलं होतं, ट्रॉलीत नाही. म्हणाल्या, "हे मी देत नाहीये, तुला चालेल ना? भावाच्या मुलाला दाखवायचंय." मी म्हणलं अहो चालेल काय, हेच बरोबर आहे. आमच्या स्कॅनरवर मी खुणा असलेल्या पानांचे फोटो काढून त्यांना पेनड्राइव्हवर दिले, पेन्सिल पुढेमागे पुसट होतेच. ते करताना कव्हर बाजूला काढलं होतं, कोबी-गाजरांचं, मधे घडीवर फाटत आलेलं. मी विचारलं, याला प्लॅस्टिकचं जॅकेट घालून वेगळं ठेवू का, पुस्तकाला दुसरं घालते.

"नको," त्या म्हणाल्या, "तेच घाल परत. त्यांनी घातलं होतं तसं."

मग मी फाटलेल्या जागी आतून टिश्यूची पट्टी लावली, आणि त्यांनी दाखवल्याप्रमाणे कडा दुमडून कव्हर परत बसवलं.