पासवर्ड बरोबर, तरी पोस्टग्रेस आत घेईना

आमच्या वाचनालयातल्या पुस्तकांच्या देवघेवीसाठी रुबी भाषेत, सिनाट्रा (वेब ॲप बांधायची चौकट) आणि ॲक्टिव्ह रेकॉर्ड (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) वापरून एक छोटं ॲप लिहिलं. पानं, फॉर्म, टेबलं, सगळं भराभर झालं. अडलं ते डेटाबेसच्या दारात, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

उबुंटू लिनक्सवर पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर घातलं, ॲपसाठी वेगळा युजर केला, त्याला पासवर्ड दिला आणि तोच 'डेटाबेस.वायएमएल' या ॲपच्या जोडणीच्या फाइलीत लिहिला. ॲप सुरू केलं की उत्तर एकच: 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड'. पासवर्ड बदलून पाहिला, तरी तेच. फरक पडणार कुठून? पासवर्ड कुणी विचारतच नव्हतं! एवढी साधी गोष्ट त्या एररमध्ये लिहायला काय हरकत होती?

होतं असं, की फाइलमध्ये होस्ट, म्हणजे डेटाबेस ज्या मशीनवर आहे त्याचं नाव, लिहिलेला नसेल तर पीजी जेम (पोस्टग्रेसशी जोडणारी रुबीची लायब्ररी) नेटवर्कने न जाता युनिक्स सॉकेटने, म्हणजे त्याच मशीनमधल्या आतल्या वाटेने, जातं. डेबियन आणि उबुंटूवर त्या वाटेला 'पीअर' हा नियम आधीपासून लावलेला असतो. म्हणजे ॲप लिनक्सच्या ज्या युजरने चालू आहे त्याचं नाव आणि डेटाबेस युजरचं नाव पोस्टग्रेस ताडून बघतं. नावं वेगळी निघाली की नकार. होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' लिहिलं की जोडणी ५४३२ पोर्टवरून होते, तिथला नियम पासवर्डचा आहे, आणि मग तोच पासवर्ड पहिल्या झटक्यात चालतो. एक ओळ, बस्स!

ही ओळ शोधताना जिथे तिथे सल्ला दिसला की 'पीजी-एचबीए' या पोस्टग्रेसच्या प्रवेश-नियमांच्या फाइलीत 'पीअर'च्या जागी 'ट्रस्ट' लिहा. कृपा करून हे करू नका. 'ट्रस्ट' म्हणजे त्या वाटेने येणाऱ्या कुणालाही बिनपासवर्ड प्रवेश. वाचनालयाच्या सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर त्यात आहेत, ते असे उघड्यावर ठेवायचे? फाइल बदलावीच लागली तर लक्षात ठेवा: नियम वरून खाली वाचले जातात आणि जुळणारी पहिलीच ओळ लागू होते. बदलल्यावर रिलोड पुरतं, रिस्टार्ट लागत नाही.

उलट 'पीअर' मला आता आवडतो. सर्व्हरवर ॲप डेटाबेस युजरच्याच नावाच्या लिनक्स युजरने चालवलं, तिथल्या फाइलीत पासवर्ड ठेवलेलाच नाही.

आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: ॲपशी झुंजण्याआधी 'पीएसक्यूएल' या पोस्टग्रेसच्या कमांडने, होस्ट देऊन, हाताने जोडून बघा. तिथे जमलं तर पोस्टग्रेस ठीक आहे, पुढचं रुबीच्या बाजूला शोधायचं.

आणखी एक अडथळा: पोस्टग्रेस १५ पासून 'पब्लिक' स्कीमात (टेबलं ठेवायच्या नेहमीच्या कप्प्यात) टेबल करायची मुभा सरसकट सगळ्यांना मिळत नाही, त्यामुळे जोडणी होऊनही मायग्रेशन (टेबलं तयार करणारी स्क्रिप्ट) 'परमिशन डिनाइड' म्हणून थांबतं. डेटाबेस तयार करतानाच ॲपच्या युजरला त्याचा मालक करा. एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना, तेही तेव्हाच बघा, पुस्तकांची नावं मराठीत आहेत. पूल, म्हणजे ॲपला एका वेळी मिळणाऱ्या डेटाबेस कनेक्शनची संख्या, मात्र प्यूमा या वेब सर्व्हरच्या थ्रेडइतका (एका वेळी चालणाऱ्या कामांइतका) तरी हवा, नाहीतर गर्दीच्या वेळी कनेक्शनसाठी ५ सेकंद थांबून ॲप एरर देतं.