टॉवर ऑफ टेरर: लिफ्ट तीच, पडणं दर वेळी वेगळं (माझा अनुभव)

ऑरलँडोला डिस्नेच्या हॉलीवूड स्टुडिओज पार्कात जाणार असाल आणि टॉवर ऑफ टेरर या लिफ्ट पडण्याच्या राईडमध्ये एकदाच बसून बाहेर पडायचा विचार असेल तर प्लीज तसं करू नका, दोनदा तरी बसा, का ते सांगते.

माझी बहीण टॅम्पाला राहते, त्यांच्याकडे डिस्नेचा वर्षाचा पास आहे, त्यामुळे सुट्टीत गेले तेव्हा भाचीबरोबर ही राईड परत परत करता आली. उंचावरून पडायची मला मनापासून भीती वाटते, तरी बसले कारण भाचीने सांगितलं होतं की मावशी, दर वेळी वेगळं होतं, आणि मला ते कसं करतात ते बघायचंच होतं.

आधी जे दर वेळी सारखंच असतं ते सांगते. बाहेरून ओसाड पडलेलं हॉलीवूड टॉवर हॉटेल, गोष्ट अशी की ३१ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री वीज पडली आणि लिफ्टमधली पाच माणसं गायब झाली. लॉबी बघण्यासारखी आहे, घाई करू नका, सगळीकडे धूळ आणि कोळिष्टकं, एका टेबलावर माहजाँगचा डाव अर्धवट सोडलेला, जणू माणसं आत्ताच उठून गेलीत. मग लायब्ररीत नेतात, लाईट जातात, जुना टीव्ही आपोआप चालू होतो आणि रॉड सर्लिंग बोलायला लागतो. ही राईड ज्यावर बेतलीय त्या ट्वायलाइट झोन या १९५९ ते १९६४ च्या गूढकथांच्या टीव्ही मालिकेचा हा निवेदक, तो १९७५ मध्ये गेला आणि राईड सुरू झाली २२ जुलै १९९४ ला, म्हणजे चित्र जुन्या फिल्ममधलं घेतलंय आणि आवाज दुसऱ्या कलाकाराचा आहे, पण सांगितल्याशिवाय कळतच नाही इतकं छान जुळवलंय.

पुढे बॉयलर रूम, तिथून लिफ्ट. लिफ्ट वर जाते, दार उघडतं, समोर लांब कॉरिडॉर, त्यात ती पाच माणसं दिसतात, आपल्याला हात करून बोलावतात आणि नाहीशी होतात. आणि मग मला सगळ्यात आवडलेला भाग, लिफ्ट चक्क शाफ्टमधून, म्हणजे तिच्या उभ्या बोगद्यातून, बाहेर पडून अंधारात आडवी पुढे चालायला लागते! खाली दिसतील असे रूळ नाहीत, गाडी स्वतःच चालते. तशीच ती दुसऱ्या शाफ्टमध्ये शिरते आणि खरा खेळ तिथे सुरू होतो.

सुरुवातीला, म्हणजे १९९४ मध्ये, पडण्याचा क्रम एकच ठरलेला होता. नंतर १९९६ आणि १९९९ मध्ये त्यात बदल केले, तरी क्रम ठरलेलाच, आणि २००२ च्या शेवटापासून कॉम्प्युटर तयार क्रमांमधला एक स्वतःच निवडतो. आपल्या वाट्याला कुठला येणार ते आपल्याला कळत नाही. पूर्ण उंचीवरून एक तरी ड्रॉप मिळतोच, बाकी किती वर, कुठे थांबायचं, मध्ये किती वेळ लटकवून ठेवायचं, हे सगळं बदलतं. त्याबरोबर आतली दृश्यंही बदलतात, कधी नुसता काळोख तर कधी ती गायब झालेली माणसं समोर उभी. बॉलरचा रनअप तोच असतो आणि चेंडू मात्र हातातून सुटेपर्यंत कळत नाही, तसं.

पहिल्यांदा आम्हाला आधी वर नेलं, वरची दारं उघडली, सगळं पार्क खाली पसरलेलं दिसलं आणि मग सोडलं. म्हणून पुढच्या वेळी भाची म्हणाली, "मावशी, आता वर नेतील बघ, घट्ट ध..." आणि तिचं वाक्य संपायच्या आत आम्ही खाली! त्यानंतर एकदा जरासं खाली नेऊन थांबवलं, परत जरासं, परत थांबवलं, आणि खरं सांगू का, त्या खोट्या ड्रॉपला लोक मोठ्या ड्रॉपपेक्षा जास्त ओरडले, कारण सगळे जीव मुठीत धरून बसले होते आणि काही झालंच नाही.

पडताना पोटात जो गोळा येतो तो साध्या पडण्याचा नाही. लिफ्टला खालूनही केबल जोडलेली असते आणि वरच्या प्रचंड मोटरी तिला गुरुत्वाकर्षणापेक्षा जास्त जोरात खाली खेचतात, वेग ताशी ६३ किलोमीटरच्या आसपास जातो. त्यामुळे आपण सीटवरून उचललेच जातो, मांडीवर पट्टा कचकन लागतो, माझ्या गळ्यातली चष्म्याची दोरी उडून हनुवटीला लागली. टॉवर १९९ फूट आहे, दोनशे झाला असता तर विमानांसाठी वर लाल दिवा लावावा लागला असता आणि जुन्या हॉटेलचा सगळा लूक गेला असता.

कॅलिफोर्नियातल्या डिस्ने पार्कात २००४ ला सुरू झालेला असाच टॉवर आता गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी या मार्व्हलच्या सिनेमाचा झालाय, २०१७ पासून, तिथे सहा गाणी आहेत आणि गाण्याप्रमाणे ड्रॉप बदलतात. पॅरिसच्या डिस्नेतल्या टॉवरमध्ये २०१९ पासून तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यातली कुठलीही वाट्याला येऊ शकते, तिथे मला जायचंच आहे. पण कॅलिफोर्नियात गाणं वाजलं की पुढचं थोडं ओळखता येतं, ऑरलँडोला शाफ्टमध्ये शिरल्यावर कसलाच अंदाज बांधता येत नाही आणि माझ्या मते भुताच्या गोष्टीला हेच शोभतं.

घाबरणाऱ्यांसाठी माझ्या अनुभवावरून सांगते, मागे पाठ आणि डोकं सीटला टेकवून ठेवा, पट्टा ओढून घट्ट करा, आणि आकडे मोजत बसू नका, त्याने भीती वाढते. डोळे उघडे ठेवा, नाहीतर निम्मी राईड बघायचीच राहते. मुलांची उंची ४० इंच, म्हणजे साधारण १०२ सेंटीमीटर हवी, आणि मान, पाठ किंवा हार्टचा त्रास असेल किंवा प्रेग्नंट असाल तर बसू नका, लॉबीपर्यंतच्या लाइनमध्ये मात्र सगळ्यांबरोबर जा, आत गेल्यावर तिथल्या माणसाला सांगितलं की ते बाहेरचा रस्ता दाखवतात.