कोयनेचे दरवाजे आणि मोकळ्या जागेचे गणित

जुलै उजाडला की कराडात कोयनेच्या आकड्यांची विचारपूस सुरू होते : साठा किती टीएमसी (अब्ज घनफूट), आवक किती क्युसेक (सेकंदाला घनफूट), दरवाजे किती फुटांवर. धरण भरत आल्याचे समाधान आणि दरवाजे उघडल्याची धास्ती आम्हा नदीकाठच्या लोकांच्या वाट्याला अनेकदा एकाच आठवड्यात येते.

१०५.२५ टीएमसी क्षमतेचे हे धरण प्रामुख्याने विजेसाठी बांधले गेले आणि त्याची मोठी वीजगृहे सह्याद्रीच्या पोटात, पोफळीच्या बाजूला आहेत. तिकडे बोगद्यांतून उतरलेले पाणी जनित्रे फिरवून वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्राला मिळते. ते कृष्णेत परत येत नसल्यामुळेच कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पूर्वेकडे, म्हणजे आमच्याकडे, पायथा वीजगृहाची दोन्ही जनित्रे चालवली तरी नदीत जेमतेम २१०० क्युसेक पाणी येते. एवढ्या बातमीने घरातले सामान माळ्यावर चढवण्याचे कारण नाही. पूर येतो तो सांडव्याच्या सहा वक्र दरवाजांतून.

खरा पेच आहे तो जलाशयातील मोकळ्या जागेचा. केवळ १ टीएमसी जागा एका दिवसात रिकामी करायची, तर आवकेइतके पाणी सोडून त्यावर आणखी सुमारे ११,६०० क्युसेक विसर्ग सलग २४ तास ठेवावा लागतो. त्यामुळे अतिवृष्टीचा इशारा आल्यावर १० टीएमसी जागा करू म्हणणे म्हणजे खालच्या गावांत आपल्या हाताने पूर आणणे होय. हे काम आधीच्या कोरड्या आठवड्यांत, थोडे थोडे करूनच जमते. मात्र पुढे पावसाने ओढ दिली, तर सोडलेले पाणी परत मिळत नाही आणि उन्हाळ्यात वीजनिर्मितीबरोबरच टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनाही त्याची झळ बसते. कोणत्या तारखेला किती साठा असावा, याचे वेळापत्रक त्यासाठीच असते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत थोडी जागा राखण्याचा धोका पत्करावा, असे माझे मत आहे.

अर्थात २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचे सगळे खापर कोयनेवर फोडणेही बरोबर नाही. धरण अडवते ते फक्त आपल्या पाणलोटातले पाणी. धरणाच्या खाली पाटण खोऱ्यात कोसळणारा पाऊस ओढ्यानाल्यांतून थेट नदीत येतो, आणि सांगलीच्या थोडे पुढे, हरिपूरजवळ, वारणाही कृष्णेला मिळते. त्या पाण्यावर कोयनेच्या दरवाजांचा काहीही ताबा नसतो.